वाळवंटांतील पांखरें

वाळवंट हा शब्द उच्चारला म्हणजे शहरांत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें. क्षितिजापर्यंत पसरलेल्या वाळूच्या लाटा, त्यांवरून जाणारी उंटांची रांग, आणि वर तापलेलें, रितें आकाश. ह्या चित्रांत झाड नसतें, गवत नसतें. पांखरूं तर मुळींच नसतें. जेसलमीरला जाणारे बहुसंख्य प्रवासी हेंच चित्र मनांत घेऊन निघतात, सम गांवाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त पाहतात, घटकाभर उंटावर बसतात, आणि तेंच चित्र जसेंच्या तसें घेऊन परत येतात. ज्या भूमीवरून ते गेले ती भूमि भारतांतील एका अत्यंत दुर्मिळ पक्ष्याचें जवळजवळ अखेरचें आश्रयस्थान आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांतहि येत नाहीं.

राजस्थानच्या पश्चिम टोंकास, जेसलमीर व बाडमेर ह्या दोन जिल्ह्यांत मिळून, सुमारें ३,१६२ चौरस किलोमीटरांचा प्रदेश इ. स. १९८० मध्यें तेथील जीवसृष्टीच्या रक्षणासाठीं राखून ठेवण्यांत आला. राष्ट्रीय मरु उद्यान ह्या नांवानें तो ओळखला जातो. नांव उद्यानाचें असलें तरी कायद्यानें त्याचा दर्जा अभयारण्याचा आहे, आणि त्याच्या सीमेच्या आंत अनेक गांवें आहेत, तशाच ढाण्या, म्हणजे लहान लहान वाड्याहि आहेत. उद्यान ह्या शब्दावरून वाफे व फुलझाडें कोणी कल्पूं नयेत. त्याचप्रमाणें वाळवंट ह्या शब्दावरून नुसती वाळूहि कल्पूं नये. वाळूच्या टेकड्यांनीं व्यापलेला भाग साऱ्या क्षेत्राच्या सुमारें पंचमांशच भरेल. उरलेल्या भूमींत खडकाळ माळ आहेत, मुरमाड सपाटी आहे, पावसाचें पाणी आटून मीठ सांचलेले खोलगट भाग आहेत, आणि सेवण नांवाच्या चिवट गवताचीं विस्तीर्ण कुरणें आहेत. वर्षाचा पाऊस सहा ते आठ इंचांच्या घरांत; तोहि लहरी, एखाद्या वर्षीं अजिबात पाठ फिरविणारा. एवढ्या ओलीवर खेजडी उभी राहते. महाराष्ट्रांत दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला जिची पूजा होते ती शमी म्हणजेच ही खेजडी. तिच्या जोडीला केर, बोर, फोग व रुई हीं झुडुपें, आणि त्यांच्या आधारानें किडे, सरडे, साप, खोकड व चिंकारा. पक्ष्यांना जें जें लागतें तें सर्व येथें आहे. फक्त तें विरळ आहे, आणि विरळ असल्यामुळेंच त्यासाठीं जागा मोठी लागते.

ह्या प्रदेशांत पक्षी पाहावयाचे तर प्रथम पाहण्याची सवयच बदलावी लागते. रानांत पक्षी आधीं कानाला सांपडतो आणि मग फांद्यांमध्यें डोळ्याला दिसतो. माळावर फांदीच नाहीं. येथले बहुतेक पक्षी भुईवर चालतात, भुईवर धांवतात, भुईवरच अंडीं घालतात, आणि म्हणून त्यांचा रंगहि भुईचाच असतो. संकट जवळ आलें असतां त्यांतले पुष्कळसे उडून जाण्याऐवजीं जागच्या जागीं दबून बसतात. मग दहा पावलांवरचा पक्षी आणि शेजारचा दगड ह्यांतला भेद ओळखणें अनुभवी डोळ्यालाहि कठीण जातें. नवखा पाहुणा सारा माळ एकदां नजरेखालून घालतो आणि ‘येथें कांहीं नाहीं’ असें म्हणून मोकळा होतो; त्याच वेळीं त्याच्या बरोबरचा गांवचा मेंढपाळ बोट दाखवून चार पांखरें मोजून देतो. दोघांचे डोळे सारखेच चांगले असतात. एकाला काय पाहावयाचें तें ठाऊक असतें, आणि दुसऱ्याला नसतें, एवढाच फरक.

पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा हिंवाळा. त्या दिवसांत येथले रहिवासी पक्षी तर असतातच, शिवाय उत्तरेकडचे पाहुणेहि येऊन उतरलेले असतात. सूर्योदयापूर्वींच माळावर जाऊन बसावें. दिवस वर आला म्हणजे तापलेल्या जमिनीवरची हवा लहरूं लागते, दुर्बिणींतलें चित्र थरथरतें, आणि दूरचें झुडूप कोणतें व पक्षी कोणता हें कळेनासें होतें. ठरलेल्या वाटेवरून गाडी खालीं उतरवूं नये, आणि दिसलेल्या पक्ष्याच्या मागें धांवूं नये. गवतांत एखादी मादी अंड्यावर बसलेली असेल, आणि ती एकदां उठून गेली कीं कावळ्याची किंवा खोकडाची नजर त्या अंड्यावर गेलीच म्हणून समजावें. एका जागीं स्वस्थ बसून राहणारा मनुष्य येथें सर्वांत अधिक पक्षी पाहतो.

अशा प्रकारें कोणी स्वस्थ बसला, तर प्रथम त्याला चंडोल दिसूं लागतात. चिमणीएवढे, मातकट, पहिल्या नजरेला सारखेच वाटणारे. परंतु थोडा वेळ पाहिल्यावर त्यांतला प्रत्येक प्रकार निराळा ओळखूं येतो. त्यांच्यांत लांब, किंचित् वांकड्या चोंचीचा एक मोठा चंडोल आहे. तो वाळूवर लांब ढांगा टाकीत पळतो, मधूनच थांबून भुई उकरतो. पण विणीच्या दिवसांत मात्र शीळ घालीत एकदम सरळ वर उठतो, कोलांटी घेतो, आणि पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे चमकवीत पुन्हां आपल्या झुडुपावर येऊन उतरतो. क्षणापूर्वीं मातीचें ढेंकूळ वाटलेला तो हाच, ह्यावर विश्वास बसत नाहीं. त्याच्याच जवळपास धाविक धांवत असतो. हा फिकट पिवळसर वर्णाचा, उंच पायांचा पक्षी थोडें पळतो, ताठ उभा राहतो, वांकून किडा टिपतो, आणि पुन्हां पळतो. झुडुपाच्या शेंड्यावर खाटीक बसलेला असतो. पकडलेला सरडा किंवा टोळ कांट्याला टोंचून ठेवण्याची त्याची रीत पाहिली म्हणजे त्याला हें नांव देणारा मनुष्य नीट पाहणारा होता हें पटतें.

ऊन थोडें तापलें कीं पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर येतात. पखुर्डी हा कबुतराएवढा, आंखूड पायांचा पक्षी. त्याचा आहार म्हणजे कोरडें बीं. त्यामुळें त्याला रोज पाणी प्यावेंच लागतें, आणि पाणी तर कित्येक मैलांवर एखाद्या टोब्यांत किंवा नाडींत, म्हणजे पावसाच्या सांठवणीच्या तळ्यांत, असतें. थवा कलकलाट करीत येतो, कांठापासून थोडा दूर उतरतो, कानोसा घेतो, आणि मग घाईघाईनें चार घोट पिऊन उडून जातो. मोठ्या पक्ष्यांचें हें ठीक झालें; पण ज्यांना पंख फुटले नाहींत त्या पिलांनीं काय करावें? त्यांची सोय नर करतो. त्याच्या पोटावरच्या पिसांची घडण अशी आहे कीं तीं बोळ्याप्रमाणें पाणी शोषून घेतात. तो पाण्यांत पोट बुडवून बसतो, भिजलेलीं पिसें घेऊन घरट्याच्या जागीं परततो, आणि पिलें त्याच्या पोटाखालीं शिरून तीं पिसें चोंचीनें निपटून पाणी पितात. फार दिवस ही गोष्ट शिकाऱ्यांच्या थापांत जमा होती. इ. स. १९६७ मध्यें दोन शास्त्रज्ञांनीं तिची रीतसर तपासणी करून ती खरी असल्याचें प्रसिद्ध केलें. माळावर निवांत बसणाऱ्याला ती डोळ्यांनीं पाहावयास सांपडते.

डोकें वर केलें तर आकाशहि रितें नाहीं. गरुड घिरट्या घालीत असतात. तारेच्या खांबावर ससाणा बसलेला असतो. एखादें जनावर मेलें म्हणजे गिधाडांची पंगत बसते, आणि हिंवाळ्यांत त्या पंगतींत मध्य आशियांतून आलेलीं काळीं, अवाढव्य गिधाडेंहि सामील होतात. ह्या पंगतीलाहि आज मोल आलें आहे. गुरांना दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, आणि इ. स. १९९० नंतरच्या थोड्या वर्षांत भारतांतील गिधाडांच्या मुख्य जातींपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक पक्षी नाहींसे झाले. इ. स. २००६ मध्यें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. त्यानंतरहि संख्या पूर्वपदावर आलेली नाहीं. म्हणून पन्नास गिधाडें एका ठिकाणीं दिसणें हा आतां भाग्याचा योग झाला आहे.

पाहुण्यांमध्यें दोघांचीं नांवें घेतलीं पाहिजेत. पहिला तिलोर. कोंबड्याहून मोठा, वाळूच्या रंगाचा, मध्य आशियांतून हिंवाळ्यापुरता येणारा हा लाजाळू पक्षी. आणि दुसरी कुरजां, म्हणजे करड्या रंगाची, लहान चणीची क्रौंच. कुरजां पाहावयाच्या तर उद्यानाबाहेर पूर्वेस, फलोदीजवळच्या खीचन गांवीं जावें लागतें. तेथें गांवकरी, विशेषतः जैन कुटुंबें, पिढ्यान्‌पिढ्या ह्या पक्ष्यांना धान्य घालीत आलीं आहेत. दर हिंवाळ्यांत हजारों कुरजां हिमालय ओलांडून त्या एका गांवीं उतरतात, सकाळीं चुग्ग्याच्या आवारांत दाटीनें दाणे टिपतात, आणि मग तळ्याच्या कांठीं जातात. इ. स. २०२५ मध्यें खीचनचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत झाला. सरकारी यादीच्या कितीतरी आधीं त्या गांवानें आपल्या कोठारांतून ही नोंद करून ठेवली होती.

परंतु राष्ट्रीय मरु उद्यानाला ज्याच्यामुळें महत्त्व आहे तो पक्षी निराळाच. राजस्थानांत त्याला गोडावण म्हणतात, आणि इ. स. १९८१ पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. महाराष्ट्रांत तो माळढोक, म्हणजे माळावरचा ढोक, ह्या नांवानें ओळखला जातो. त्याच्या घुमणाऱ्या आवाजावरून कांहीं भागांत त्याला हूम असेंहि म्हणत. उभा राहिला म्हणजे तो सुमारें एक मीटर उंच भरतो. नराचें वजन बारा ते पंधरा किलोग्रॅमांपर्यंत जातें, आणि उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगांत फार थोडे आहेत. पाठ तपकिरी, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, आणि छातीवर काळा पट्टा. चाल अशी सावकाश व ताठ कीं वयोवृद्ध गृहस्थ सकाळीं फिरावयास निघाले आहेत असा भास व्हावा. टोळ, भुंगे, सरडे, बोरें, धान्य असें जें मिळेल तें तो खातो. टोळांचा फडशा पाडणारा म्हणून शेतकऱ्याचा तो जुना मित्र आहे.

उद्यानांत सुदासरी येथें कुंपण घालून राखलेलें कुरण आहे, आणि गोडावण दिसण्याची आशा तेथें सर्वांत अधिक. पहांटेच्या गारठ्यांत, धुरकट उजेडांत, गवताच्या वर प्रथम एक पांढरी रेघ दिसते. ती हलली म्हणजे ती मान आहे हें कळतें. विणीच्या दिवसांत नर एखाद्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवितो. ती पांढऱ्या घागरीसारखी जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबूं लागते, शेपटी पाठीवर उभी राहते, आणि त्याचा खोल हुंकार अर्ध्या किलोमीटरावर ऐकूं जातो. मादी उघड्या भुईवर, घरटें न बांधतां, सामान्यतः एकच अंडें घालते. सुमारें चार आठवडे ती एकटीच तें उबविते, आणि पिलूं पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत तिच्या मागें हिंडतें. वर्षाला एक अंडें, तें उघड्यावर, आणि त्याच्या भोंवतीं खोकड, मुंगूस, कावळे व मोकाट कुत्रीं. ज्या जातीचा वंश इतक्या सावकाश वाढतो, तिचा एक एक मोठा पक्षी वांचणें किती अगत्याचें आहे, हें ह्यावरून कळून येईल.

हा पक्षी पूर्वीं दुर्मिळ नव्हता. पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतच्या कोरड्या माळांवर तो होता, आणि दख्खनच्या पठारावर तर त्याची मोठी वस्ती होती. रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानें इ. स. १८०९ ते १८२९ ह्या वीस वर्षांत, आज अहिल्यानगर ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एकट्या अहमदनगर जिल्ह्यांत, ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. त्या एका माणसाच्या एका जिल्ह्यांतल्या शिकारीचा आंकडा आज साऱ्या जगांत जिवंत असलेल्या माळढोकांच्या कितीतरी पट आहे. इ. स. १९६९ च्या सुमारास ह्या जातीची संख्या सुमारें १,२६० असावी असा अंदाज करण्यांत आला होता. इ. स. २०१८ च्या गणनेवरून राजस्थानांत ती सुमारें १२८ असल्याचा अंदाज निघाला, आणि राजस्थानाबाहेर जे आहेत ते बोटांवर मोजण्याइतके. इ. स. २०११ पासून जागतिक यादींत ह्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

शिकारीला इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी केली. तथापि कायदा कागदावर असणें निराळें आणि लोकांनीं तो आपला मानणें निराळें. इ. स. १९७९ च्या सुमारास परदेशांतील एक बडी मंडळी ससाणे घेऊन तिलोरच्या शिकारीसाठीं जेसलमीरकडे आली, तेव्हां राजस्थानांतील पक्षिप्रेमी नागरिकांनीं रस्त्यावर येऊन व न्यायालयांत जाऊन तिला विरोध केला, आणि ती शिकार थांबली. त्यानंतर थोड्याच अवधींत हें उद्यान राखीव झालें. पांखरांसाठीं सामान्य नागरिक घराबाहेर पडले, असे प्रसंग देशाच्या इतिहासांत फार नाहींत. म्हणून हा प्रसंग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

शिकार थांबली, पण संख्या घटतच राहिली, ह्याचें कारण काय? एक कारण जमिनीच्या हिशेबांत आहे. सरकारी दप्तरांत जंगल म्हणजे झाडें. जेथें झाडें नाहींत ती जमीन पडीक. ह्या एका शब्दानें माळांचें जितकें नुकसान केलें तितकें बंदुकीनें केलें नसेल. पडीक म्हणून कुरणें नांगरलीं गेलीं, पडीक म्हणून त्यांवर बाहेरचीं झाडें लावलीं गेलीं. आणि ज्या पक्ष्याला मोकळा माळच हवा त्याला झाडांच्या दाटींतहि राहतां येईना व शेतांतहि राहतां येईना. कालव्याचें पाणी आलें, त्याबरोबर बारमाही शेती व वस्ती आली. माणसांना पाणी मिळालें ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या आनंदाचा खर्च कोणाच्या नांवावर पडला, तेंहि पाहिलें पाहिजे.

दुसरें कारण अगदीं अलीकडचें, आणि तें अधिक घातक आहे. थरच्या वाळवंटांत ऊन आणि वारा विपुल. म्हणून तेथें सूर्यशक्तीचे व पवनशक्तीचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांची वीज शहरांकडे नेण्यासाठीं माळभर उंच तारा पसरल्या. माळढोकाचे डोळे त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला आजूबाजूचें विस्तृत दिसतें, पण समोरचें फार थोडें. उडतांना तो खालच्या भुईकडे पाहत जातो. तार दिसते तेव्हां ती अगदीं जवळ आलेली असते, आणि इतकें जड शरीर ऐन वेळीं वळवितां येत नाहीं. लाखों वर्षें त्याच्या माळावर समोर अडेल असें कांहीं नव्हतेंच. मग समोर पाहण्याची गरज त्याला कशाला पडावी? भारतीय वन्यजीव संस्थेनें इ. स. २०२० मध्यें केलेल्या हिशेबाप्रमाणें थरमध्यें वर्षाला सुमारें १८ माळढोक तारांवर आपटून मरतात. दीडशेहून कमी पक्ष्यांत वर्षाला अठरा, आणि मादीला वर्षाकांठीं अंडें एक. ह्या हिशेबाचें उत्तर काढावयास फार गणित लागत नाहीं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. एप्रिल २०२१ मध्यें न्यायालयानें ह्या पक्ष्याच्या प्रदेशांतील तारा शक्य तेथें जमिनीखालून न्याव्या, व इतरत्र पक्ष्यांना दिसतील अशा फिरत्या चकत्या तारांना लावाव्या, अशी आज्ञा केली. पुढें सरकारनें अडचणी मांडल्या. जास्त दाबाच्या तारा सरसकट जमिनींत पुरणें कठीण आहे, आणि कोळशाचा धूर कमी करावयाचा तर सूर्यशक्तीवांचून गत्यंतर नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें. मार्च २०२४ मध्यें न्यायालयानें आपली पहिली आज्ञा बदलून तज्ज्ञांची समिति नेमली, आणि समितीच्या शिफारशी पाहून डिसेंबर २०२५ मध्यें निर्णय दिला. त्यांत राजस्थानांतील सुमारें १४,००० चौरस किलोमीटरांचा प्रदेश ह्या पक्ष्यासाठीं अग्रक्रमाचा म्हणून मान्य झाला. ह्या वादांत एक पक्ष दुष्ट व दुसरा सुष्ट, असें मानण्याचें कारण नाहीं. स्वच्छ वीज जगाला हवीच आहे. प्रश्न इतकाच कीं ती कोणत्या वाटेनें आणावयाची. आणि वाट आंखणाऱ्याच्या नकाशावर हा माळ रिता दाखविलेला असेल, तर ती सरळ त्याच्या छातीवरूनच आंखली जाईल.

जेसलमीरच्या खेड्यांतील माणसानें हा माळ कधींच रिता मानला नाहीं. तेथें गांवोगांवीं ओरण आहेत. एखाद्या देवाच्या किंवा देवीच्या नांवानें सोडलेली, पिढ्यान्‌पिढ्या नांगर न लागलेली, झाड न तोडलेली ती जमीन. कोंकणांत व सह्याद्रींत जशी देवराई, तसें वाळवंटांत ओरण; फरक एवढाच कीं देवराई दाट व अंधारी, आणि ओरण उघडें, गवताळ व विस्तीर्ण. त्यांत गुरें चरतात, तळ्यावर पाणी पितात, आणि त्याच गवतांत गोडावणहि फिरतो. पुष्कळ ओरणांची सरकारी दप्तरांत ओरण म्हणून नोंदच झाली नाहीं. त्यामुळें तीं पडीक ठरून त्यांवर खांब उभे राहूं लागले. तेव्हां देगराय मातेच्या ओरणासारख्या ठिकाणीं गांवकऱ्यांनींच पुढें होऊन आपल्या गवताची बाजू मांडली. त्यांच्या दृष्टीनें गुरांचें कुरण, देवीची जमीन आणि गोडावणाचें घर हीं तीन नसून एकच आहे.

दुसरीकडे, पक्ष्यांचा वंश माणसाच्या हातून वाढविण्याचा प्रयत्नहि चालूं आहे. इ. स. २०१९ मध्यें सम येथें ह्यासाठीं केंद्र सुरू झालें. माळावरचीं निवडक अंडीं उचलून यंत्रांत उबविण्यांत आलीं, आणि त्यांतून निघालेलीं पिलें माणसांनीं हातानें वाढविलीं. त्या पिलांनीं मोठें होऊन केंद्रांतच अंडीं घातलीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें त्याहून अवघड गोष्ट साधली. रामदेवरा येथील केंद्रांतल्या नराचें बीज घेऊन तें सम येथील मादीला कृत्रिम रीतीनें देण्यांत आलें, आणि त्या अंड्यांतून जिवंत पिलूं बाहेर पडलें. माळढोकाच्या बाबतींत असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. ह्या कामांत जे लागले आहेत त्यांच्या चिकाटीला तोड नाहीं. परंतु पिंजऱ्यांत वाढलेल्या पक्ष्याला एक दिवस मोकळें सोडावयाचें आहे, आणि त्या दिवशीं त्याला तारा नसलेला, कुत्रीं नसलेला, गवत असलेला माळ लागणार आहे. तो माळ कोणत्याहि यंत्रांत उबवितां येत नाहीं. जो आहे तोच राखावा लागेल.

ह्याचा पडताळा महाराष्ट्रानें घेतलेला आहे. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोक होते, त्यांच्यासाठीं इ. स. १९७९ मध्यें विस्तीर्ण अभयारण्य घोषित झालें, आणि बरींच वर्षें दूरदूरचे लोक तो पक्षी पाहण्यासाठीं तेथें येत. पुढें माळ आक्रसला, ऊंस व वस्ती वाढली, आणि नान्नजच्या गवतावर माळढोक दिसला ही आतां वर्तमानपत्रांत येण्याजोगी बातमी झाली. तेथलें गवत अजून आहे. त्यावर चंडोल, धाविक व पखुर्ड्या अजून आहेत. ज्याच्या नांवानें तें राखलें तोच तेवढा जवळजवळ निघून गेला आहे.

तेव्हां ह्या हिंवाळ्यांत ज्यांना जेसलमीरची वाट धरावयाची असेल त्यांनीं सूर्यास्ताच्या टेकडीबरोबरच एक सकाळ सुदासरीच्या माळासाठीं राखून ठेवावी. बरोबर गांवचा वाटाड्या घ्यावा, साधी दुर्बीण घ्यावी, आणि मुलें असतील तर त्यांनाहि न्यावें. गोडावण दिसेलच असें नाहीं. सबंध सकाळ बसून नुसते चंडोल पाहून परत येणारेहि पुष्कळ असतात. पण एवढें बसलें म्हणजे तो माळ ओळखीचा होतो. आणि ज्यांना जेसलमीर दूर आहे त्यांच्याहि गांवाबाहेर एखादा गवताळ माळ असेलच, ज्याला सारेजण पडीक म्हणत असतील. तेथें एका सकाळीं घटकाभर स्वस्थ बसून, भुईवर काय हलतें तें पाहावें.